डकोटाची सुई आणि अकरा दिवसांचं पाणी

विमानतळावर नोकरी केली असं सांगितलं की लोक आधी माझ्या चष्म्याकडं बघतात आणि मी वैमानिक नसणार हे स्वतःच ठरवून टाकतात. मग तिकिटं फाडत होतात का, असं विचारतात. तेही नाही म्हटलं की सामान उचलण्यावर येतात. मी सांगतो, विमानात एक सुई असते, ती मी सांभाळत होतो, आणि तेही विमानाच्या बाहेर बसून. इथं बहुतेकांचा चहा संपलेला असतो. छापील पानावर वाचक उठून जाताना दिसत नाही, म्हणून इथं सगळं सांगतो.

माझी ड्यूटी चिकलठाण्याच्या धावपट्टीवर नव्हती. तिथून काही अंतरावर, शेतांच्या मधोमध, तारेच्या कुंपणात दोन उंच खांब, त्यांच्यामध्ये ताणलेली एक तार आणि खाली दगडी खोली, एवढंच आमचं बीकन, म्हणजे विमानांसाठीचं रेडिओ केंद्र. आतलं यंत्र रात्रंदिवस एकच सूर हवेत सोडायचं आणि थोड्या थोड्या वेळानं त्यावर आपल्या गावाची खूण वाजवायचं, कडकट्टातली, म्हणजे तारेच्या मोर्स लिपीतली, दोन अक्षरं. बाकी काही नाही.

एकदा बिडकीनकडचा एक गृहस्थ सायकल मारत तिथपर्यंत आला. त्याची गाय हरवली होती आणि ती रेडिओवर सांगावी अशी त्याची विनंती होती. हे त्या प्रकारचं केंद्र नाही, असं मी समजावलं. त्याला ते पटलं नाही. मग मी त्याला कानाला लावायचा हेडफोन दिला. त्यानं बराच वेळ मन लावून ऐकलं.

"हे काय म्हनतंय?"

"मी इथं आहे, असं म्हणतंय."

"आन् मग?"

"मग काही नाही. पुन्हा तेच."

त्यानं हेडफोन काढून ठेवला आणि मला पगार कोण देतं ते विचारलं. गाय त्याच्या मेव्हण्याकडं सापडली, हे पुढं कळलं. त्यात आमचा काही हात नव्हता.

पण हे 'मी इथं आहे' ज्याच्यासाठी होतं त्याला त्याची किंमत ठाऊक होती. त्या काळी आमच्याकडं डकोटा यायची. शेपूट जमिनीला टेकवून, नाक वर करून उभं राहणारं जुनं विमान. हैदराबादेहून येणाऱ्या फेरीवर बहुतेक कॅप्टन सिद्दीकी असायचे. मूळचे हैदराबादचे, बोलणं दख्खनी, मिशी कातरलेली, आणि यंत्राबद्दल कुणी प्रश्न विचारला की पुढचं काम विसरणारे. त्यांनीच मला पहिल्यांदा कॉकपिटमध्ये बसवलं. नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली होती आणि मी जिच्यासाठी राबतो ती सुई मी पाहिलेलीच नव्हती.

पाहिली आणि जरा निराश झालो. भिंतीवरच्या घड्याळापेक्षाही लहान काळी तबकडी, कडेनं तीनशेसाठ अंशांच्या खुणा आणि मध्ये एक पांढरट सुई. वैमानिकाच्या डोक्यावर छताला एक डबा, त्याला स्टेशन लावायला छोटं हँडल आणि एक चार घरांचं बटण. एक घर बंदचं, एक नुसतं ऐकण्याचं, एक हातानं शोधण्याचं आणि एक सुईला शोधू देण्याचं.

ती शोधते कशी, हे घरी करून बघण्यासारखं आहे. जुना ट्रान्झिस्टर घ्या, लांबचं स्टेशन लावा आणि ट्रान्झिस्टर हातात धरून स्वतःभोवती सावकाश फिरा. एका दिशेला आवाज मोठा येईल, एका दिशेला अगदी बसेल. मोठा आवाज नक्की कुठं सर्वांत मोठा आहे हे कानाला सांगता येत नाही, पण आवाज बसतो ती जागा मात्र नेमकी कळते. डकोटाच्या नाकाखाली लांबट अंड्यासारखं एक झाकण असायचं, त्यात तारेचं एक कडं होतं. छोटी मोटर ते कडं फिरवत राहायची, आवाज बसेपर्यंत. बसला की थांबायची, आणि ती दिशा सुई दाखवायची. म्हणजे सगळे समजतात तसं ते यंत्र आवाज शोधत नव्हतं, शांतता शोधत होतं. आता ही शांतता पुढंही सापडते आणि बरोबर मागंही, म्हणून पोटाखाली आणखी एक सरळ तार असायची. ती सांगायची की स्टेशन पुढंच आहे, पाठीमागं नाही. हे नसतं तर अर्धी विमानं मोठ्या आत्मविश्वासानं उलट्या दिशेला गेली असती.

सुईला दोन खोडी होत्या. वीज कडाडली की ती स्टेशन सोडून ढगाकडं बघायची. म्हणजे ज्याच्यापासून लांब जायचं नेमकं तिकडं बोट. आणि दुसरी खोड वाईट. स्टेशनचा आवाज विरला तरी ती पडत नसे, लाल निशाण दाखवत नसे. शेवटी जिथं असेल तिथंच डुलत राहायची. म्हणून वैमानिकानं कानानं गावाची खूण ऐकायची, आणि खूण ऐकू येत असेल तरच सुईवर विश्वास ठेवायचा.

"सुई झूट बोलती तो भी इत्मिनान से बोलती," सिद्दीकी म्हणाले होते, म्हणजे खोटं बोलली तरी अगदी निवांतपणे बोलते. पुढं मी स्वतः तसाच बोललो, म्हणून ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

आता जमिनीखालचं सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं की बीकन म्हणजे ते खांब आणि वरची तार. ते अर्धंच. उरलेलं अर्धं यंत्र म्हणजे जमीन. खोलीच्या मागं विटांचं गोल कडं केलेला एक खड्डा होता. त्याच्या तळाशी तांब्याचा पत्रा उभा पुरलेला, भोवती कोळसा आणि मीठ, आणि तिथून तांब्याच्या तारा जमिनीखालून चहूकडं गेलेल्या. याला आम्ही अर्थिंग म्हणायचो. जमीन ओली असली की यंत्राची शक्ती वरच्या तारेत जाते, म्हणजेच आकाशात. जमीन कोरडी पडली की तीच शक्ती मातीतच खपते. यंत्राच्या तोंडावर अँपिअर मीटर असायचा, त्यात ते लगेच दिसायचं. म्हणून उन्हाळ्यात नियम होता की रोज संध्याकाळी खड्ड्यात चार बादल्या पाणी आणि दोन ओंजळी मीठ घालायचं आणि लॉगबुकात तशी नोंद करायची. आमच्यासाठी विमानतळाचा टँकर पिंप भरून द्यायचा. त्यातली घागरभर आमची, बाकी जमिनीची.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. त्या उन्हाळ्याचं वर्णन मी करत नाही, ज्यांनी पाहिला त्यांना गरज नाही. आमच्या कुंपणाला लागून गयाबाईचं रान होतं. नवरा आणि दोन्ही मुलं सरकारी कामावर खडी फोडायला गेलेली, ही एकटी दोन बैल घेऊन राहिलेली. चांद्या आणि हौश्या. विहिरीच्या तळाला पाणी इतकं की त्यात बादली आडवीसुद्धा होत नव्हती.

ती रोज संध्याकाळी कुंपणापलीकडं उभी राहून माझं पाणी घालणं बघायची. काही बोलायची नाही. मी वैजापूरच्या कारकुनाचा मुलगा, नियम म्हणजे नियम या घरातला, त्यामुळं मीही बोलत नसे. मात्र तिच्याकडं पाठ करून बादली ओतायला शिकलो होतो. एके दिवशी ती बोलली.

"भाऊ, हे तुमी जमिनीत काय लावलंय?"

"काही नाही."

"मग उगवणार काय?"

"उगवायचं नाही गयाबाई. विमानाला रस्ता कळावा म्हणून ओतावं लागतं."

तिनं वर पाहिलं, मग खड्ड्याकडं. "इमान वर हाय आन् पानी खाली," ती म्हणाली. चार वर्षं शिकलो होतो, तरी त्या वेळी ते मलाच पटण्यासारखं वाटेना.

"बैल छावणीत का नेत नाही?"

"तिसरा व्हता, तो नेला. परत आला नाय." मग ती पहिल्यांदा मागायच्या सुरात बोलली. "कडबा हाय महिनाभराचा, पुरवून पुरवून. पान्याचंच अडलंय. तुमची जमीन काय मरायची नाय भाऊ. हे मरतील."

दुसऱ्या दिवसापासून चार बादल्या कुंपणावरून पलीकडं गेल्या. लॉगबुकात मी लिहिलं, 'चार बादल्या पाणी व मीठ घातले.' अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं. खोटी नोंद मी आयुष्यात पहिल्यांदाच करत होतो आणि तिच्यात काही उणीव राहू नये असं वाटत होतं.

अकरा दिवस हे चाललं. मीटरचा काटा रोज थोडा खाली येत होता आणि मी रोज यंत्राची बटणं पिळून त्याला वर ओढत होतो. आठव्या की नवव्या दिवशी सिद्दीकी विमानतळावर भेटले.

"मियाँ, पैले बीड पो सुई उठ जाती थी. अब अंबड आए तक सोतीच."

"उन्हाळा आहे कॅप्टनसाब. जमीन सुकते."

ते खरंच होतं. फक्त ती कुणी सुकू दिली ते मी सांगितलं नाही. त्यांनी मान हलवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला जमलं असतं तर मी तो हात काढून ठेवला असता.

अकराव्या दिवशी दुपारी धूळ उठली. वाऱ्यानं सगळं रान उचललं होतं. खोलीच्या दारातून मला माझे खांब दिसेनात. तीनच्या सुमाराला टॉवरचा फोन आला. डकोटा म्हणतेय सुई धरत नाही, खूण ऐकू येत नाही, बीकन चालू आहे ना? मी म्हणालो, चालू आहे. मीटरकडं पाहिलं. चालू होतं, एवढंच म्हणता आलं असतं.

धुळीचाही रेडिओत खरखराट होतो, तेही कारण असू शकतं, असं मी स्वतःला सांगितलं. मग लक्षात आलं की मी कारणं शोधतोय आणि वर पंचवीसेक माणसं गाव शोधतायत. मी कुंपण ओलांडलं. गयाबाई छपराखाली बैलांना पाणी पाजत होती, त्या दिवसाच्या बादल्या मी धूळ उठायच्या आधीच दिल्या होत्या. दोन बादल्या भरून ठेवलेल्या, तिसरीत चांद्याचं तोंड, चौथीत हौश्याचं.

"गयाबाई, पाणी परत पाहिजे."

"आत्ताच?"

"आत्ताच. विमानाला गाव सापडत नाही."

"मानसं हायत का त्यात?"

"आहेत. पंचवीस तरी."

मला वाटलं होतं ती वाद घालेल. मी असतो तर घातला असता. तिनं चांद्याच्या कपाळाला तळवा लावला, त्याचं तोंड बादलीतून बाजूला सारलं, मग हौश्याचं. पदर खोचला आणि दोन बादल्या उचलून माझ्यापुढं चालू लागली. बैल ओल्या तोंडानं बघत राहिले. चारही बादल्या आम्ही खड्ड्यात ओतल्या, शेवटच्या दोन तिनं एकटीनं, कारण मी मीठ आणायला आत गेलो होतो. आमची प्यायची घागरही रिकामी केली. मग मी मीटरपुढं बसलो आणि ती दाराच्या उंबऱ्यावर.

काटा थोडा चढला. फार नाही, अर्धं घर असेल. काही वेळानं टॉवरचा फोन आला की सुई धरली, विमान येतंय. आणखी काही वेळानं इंजिनांचा आवाज आमच्या डोक्यावरून गेला. दिसलं काहीच नाही.

"हेच का?" गयाबाईनं विचारलं.

"हेच."

"मग बरं," असं म्हणून ती रिकाम्या बादल्या घेऊन गेली.

इथं प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. पाणी मुरायला वेळ लागतो, आणि विमान तोवर तसंही जवळ येत होतं. त्या चार बादल्यांनी विमान खाली आणलं असा दावा कुठलाही तंत्रज्ञ करणार नाही. मी तंत्रज्ञ आहे, मी करत नाही. पण त्या दिवशी पाणी परत आणायला मी धावलो नसतो, तर मला पुढं झोप लागली नसती.

त्या संध्याकाळी बैल अर्धपोटी राहिले. कुंपणाची तार मी घाईत वाकवून ठेवली होती, तिथून ते आत आले आणि खड्ड्याजवळची खारट ओली माती चाटू लागले. मी आत यंत्राशी होतो. काटा अगदी किंचित हलला, वरच्या बाजूला. यंत्राला हात न लावता काटा वर गेलेला मी तोवर पाहिला नव्हता, म्हणून कारण बघायला बाहेर आलो. कारण खड्ड्याच्या कडेला उभं होतं. हौश्या लघवी करत होता, सावकाश आणि मनापासून.

गयाबाई त्यांना न्यायला आली होती. मी तिला मीटर दाखवला. तिनं खड्डा पाहिला, बैल पाहिला, मला पाहिलं.

"भाऊ, पानी जनावरानं पिलं तर ते जातं कुटं?" ती म्हणाली. "येतंच की तुमच्याकडं. मीठ घालून येतं."

कॉलेजात आम्हाला जमिनीच्या विद्युतरोधाची आख्खी सूत्रं होती. त्यात बैल कुठंच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही खड्ड्याच्या दोन बाजूंना दोन खुंट्या ठोकल्या. त्या अशा मापानं की बैलांची मागची बाजू कड्यावरच यावी. त्यासाठी दोन दिवस प्रयोग करावे लागले, चांद्याला तिरकं उभं राहायची सवय होती. चार बादल्या आधी बैलांच्या पोटात जायच्या आणि मग, निम्म्या का होईना, खड्ड्यात. रोज जाणारं मीठही वाचलं. आठवडाभरात काटा पूर्वीच्या जागेवर आला. सिद्दीकी म्हणाले, सुई परत बीडवर उठायला लागली, क्या किया मियाँ? मी म्हणालो, देखभाल वाढवली.

जूनच्या तोंडावर मुंबईहून तपासणीचे साहेब आले. आल्या आल्या त्यांनी हातानं फिरवायचं यंत्र काढलं आणि अर्थिंग मोजलं. पुन्हा मोजलं. कोरड्या मुलखातून फिरत आले होते, असा आकडा त्यांना कुठंच मिळाला नव्हता. मग ते खोलीच्या मागं गेले. मी बरोबर गेलो नाही. परत आले तेव्हा रुमाल नाकाला होता.

"ते बैल कुणाचे आहेत?"

"शेजारचे आहेत साहेब. सावलीला येतात."

"तिथं सावली नाही."

"येतात मात्र रोज."

त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग शेरा लिहिला, 'अर्थिंग उत्तम. परिसर अत्यंत अस्वच्छ.' पहिल्याबद्दल काही मिळालं नाही, दुसऱ्याबद्दल मला मेमो मिळाला. शिवाय इतर स्टेशनांना उपयोग व्हावा म्हणून माझी पद्धत लेखी कळवावी, असंही पत्र आलं. मी कळवलं, 'क्षारयुक्त द्रव नियमितपणे व थोड्या थोड्या अंतराने सोडावा.' याहून जास्त खरं सरकारी कागदावर लिहिता आलं नाही.

पाऊस झाला. दोन्ही बैल उभे राहिले होते, तिच्या औताला तेच जुंपले गेले. पुढं कितीतरी दिवस औत सुटलं की ते दोघं आपापले येऊन कुंपणाशी उभे राहायचे. त्यांना सुईची गरज नव्हती.

त्याची किंमत मात्र तांब्यानं मोजली. काही वर्षांनी काटा पुन्हा बसला म्हणून खड्डा उकरला तर पत्र्याच्या जागी हिरवट चुरा निघाला. गोमूत्रातल्या अमोनियानं त्याला खाल्लं होतं. नवीन पत्रा मागवताना मी कारण दिलं, 'मातीतील क्षार.' तेही खरंच होतं. खऱ्यातलं निम्मं सांगण्यात मी तोवर चांगला तयार झालो होतो. सिद्दीकींना मात्र सांगायचं राहूनच गेलं. ते निवृत्त होऊन हैदराबादला गेले आणि मी पुढच्या फेरीला सांगू, पुढच्या फेरीला सांगू करत राहिलो. धुळीच्या त्या दुपारी सुई का झोपली होती हे त्यांना कधी कळलं नाही. याची मला लाज वाटते, अजूनही.

मी निवृत्तीला आलो तेव्हा बीकनही निवृत्त झालं. विमानांना आता उपग्रह वरूनच सांगतात. बंद करायच्या दिवशी मी गयाबाईला सांगायला गेलो. ती छपरात खाटेवर बसलेली होती, डोळे अधू झाले होते.

"मग इमानाला कळनार कसं?"

"वरून कळतं आता."

"जमिनीला पानी?"

"लागत नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "फुडच्या दुष्काळात कुनाला बैलाचं तोंड बाजूला करावं लागायचं नाय."

परत येऊन मी यंत्र बंद केलं. खूण वाजायची थांबली तेव्हा खोली एवढी मोठी आहे हे मला पहिल्यांदा कळलं. कपाटातली जुनी लॉगबुकं रद्दीत जायची होती, नियमानं ती केव्हाच जायला हवी होती. त्यातून मी त्र्याहत्तरचं काढलं. अकरा नोंदी, अकरा सह्या, सुरेख अक्षर, आणि खाली कुण्या साहेबांचा लाल शाईतला शेरा, समाधानकारक.

खिशातलं पेन काढून मी त्याखाली लिहिलं, 'वरील अकरा दिवस पाणी जमिनीस घातले नाही. बैलांना पाजले. अकराव्या दिवशी बैलांच्या मालकिणीने ते त्यांच्या तोंडातून काढून परत दिले. विमान उतरले.' सही केली, त्या दिवसाची तारीख घातली आणि वही परत रद्दीच्या ढिगावर ठेवली.